निकाल सांगायचा नाही

११ मार्च, रविवार

घरात बोलून काही उपयोग होत नाही, म्हणून आजपासून लिहायला घेतलं आहे. निदान वही तरी मध्येच "ते जाऊ दे, माझे मोजे कुठे आहेत?" असं विचारणार नाही.

सकाळी नवरा मोबाइल चाळत चहा पीत होता. चाळता चाळता म्हणाला, "अगं, ती तुमची बारा तासांची रेस लाल गाडीने मारली वाटतं." बाहेर ऊन पडलंय म्हणावं तितक्या सहज. माझ्या हातातला चमचा खाली पडला. ती रेस आम्ही आज संध्याकाळी बघणार होतो. कालपासून मी फोन उघडला नव्हता, बातम्यांना कान लावला नव्हता, जिन्यात शेजारी भेटले तर मान खाली घालून निसटत होते.

"कितीदा सांगितलंय तुला, निकाल सांगायचा नाही!"

"पण झाली ना ती काल?"

"झाली म्हणजे आम्ही बघितली असं होत नाही."

"मग तुमची बघून होईपर्यंत जगाने तोंड शिवून बसायचं?"

"जगाने नाही. तू."

आम्ही म्हणजे मी आणि मास्तर. मास्तर माझे सासरे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला म्हणून गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. मी तोंडावर बाबा म्हणते, इथे मास्तर लिहीन. सासूबाई गेल्यानंतर ते टीव्हीपुढे नुसते बसून असायचे, लागलेलं असेल ते बघत. एकदा मी कामावरून आले तर पडद्यावर गाड्या पळत होत्या. रात्र, पाऊस, दिव्यांची रांग. पर्ससकट उभ्या उभ्या बघायला लागले, मग बसले, आणि त्या दिवशी घरात कोणीच वेळेवर जेवलं नाही. तेव्हापासून जगातली एकही लांब पल्ल्याची रेस आम्ही सोडलेली नाही. मास्तर देश सोडून कधी कुठे गेले नाहीत, पण प्रत्येक ट्रॅकची माती, पाऊस, वारा त्यांना तोंडपाठ. त्यांनी ट्रॅकना नावंही ठेवली आहेत: जंगलातला, डोंगरावरचा, ज्वालामुखीखालचा, आणि हा कालचा जुन्या विमानतळावरचा. निम्म्या रेस आपल्याकडे भलत्या वेळी असतात, म्हणून रेकॉर्ड करून बघतो. नियम एकच. दोघांपैकी कोणीही आधी निकाल ऐकायचा नाही.

खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा मास्तरांचाच राग आला. एवढं पाणी पडलं सगळ्यावर, तर म्हणतात, "असू दे गं. लाल तर लाल." पूर्वीचे मास्तर असते तर मुलाला उठाबशा काढायला लावल्या असत्या.

२५ मार्च, रविवार

मास्तरांनी नाकी नऊ आणले आहेत.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. गावाला चष्मे देणारी बाई, आणि घरच्या माणसाला एक चष्मा धड बसत नाही. हिवाळ्यापासून हा दुसरा. दुकानात येऊन नंबर तपासून घ्या म्हटलं तर, "कशाला? आहे त्यात जरा वाढवून टाक." आमच्या दुकानात डोळे तपासणारी मुलगी आहे, तिला आम्ही नंबरवाली म्हणतो, तीही दोनदा म्हणाली, घेऊन या म्हणून. हे काही हलत नाहीत. शेवटी घरीच काचा लावून बघितल्या. "छान, छान," म्हणाले. तिसरी काच लावली, तीही छान. काच काढून नुसती फ्रेम ठेवली असती तरी छानच म्हणाले असते.

आणि चष्मा लावून बघतात कुठे, तर खिडकीकडे! टीव्ही समोर, यांचं तोंड तिरकं. माझ्याशी बोलतानाही कानाकडे बघून बोलतात. काही विचारलं की, "मान आखडलीय." परवा टेबलावर कपाच्या शेजारी चहा ओतला. वर मलाच म्हणतात, "कप हलवलास का गं?"

म्हातारपणी माणूस हट्टी होतो हे मान्य. पण इतका?

८ एप्रिल, रविवार

आज डोंगरावरची रेस बघून संपवली. तीन संध्याकाळी लागल्या.

मास्तरांना हल्ली काय झालंय कळत नाही, चेटूक केल्यासारखं आधीच सांगतात. "आता बघ, निळी चूक करणार," म्हणतात आणि दोन वळणांनी निळी वाळूत. "आता पाऊस," म्हणतात, तेव्हा आभाळ लख्ख असतं, आणि थोड्या वेळात सगळे टायर बदलायला पळतात. मी डोळे फाडून बघत असते, मला आधी काही दिसत नाही. मला भयंकर चिडायला होतं. बरोबरीने बघायला सुरुवात केली आणि हे गेले कुठच्या कुठे पुढे.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अनुभव आहे बाबांना." अनुभव! या माणसाने ताशी तीस किलोमीटरच्या वर कधी गाडी चालवली नाही.

आमची लाडकी बावन्न नंबरची गाडी मात्र यंदा जोरात आहे. छोटासा संघ, मोठ्या कंपनीचा हात नाही डोक्यावर. गेल्या वर्षी पांढरी होती, यंदा कुणा रंगवाल्याने मदत केली म्हणून पोपटासारखी हिरवी झाली आहे. हिला तिघे आळीपाळीने चालवतात: एक मुरलेला, एक पोरसवदा, आणि एक दातांचा डॉक्टर, जो हौसेखातर चालवतो. नियमच आहे की हौशी माणसाला ठरलेला वेळ गाडी द्यायची. पहिले दोघे जीव तोडून कमावतात आणि डॉक्टर बसला की सगळं घालवतो. मास्तर म्हणतात, "त्याला सांगा, हे भूल दिलेले पेशंट नाहीत, मागचे पुढे जातात." चौथे आलो.

११ एप्रिल

कामाला जाताना बागेत बाकावर मास्तर दिसले. कानात वायरी. मी कुंपणाबाहेरून हात हलवला, चांगला दोनदा. ढिम्म. घरी विचारलं तर म्हणाले, "बातम्या ऐकत होतो." बातम्यांत सुनेला ओळख दाखवू नका असं सांगितलं होतं का?

६ मे, रविवार

लिहिताना पेनाने कागद फाटतोय. रागाने.

आज दरीतली रेस बघायची होती, जिथे ट्रॅकच्या एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला ऊन असतं. आम्ही बसतोय तोच नवरा आतून आला. ऑफिसचा फोन चालू आहे, आवाज पूर्ण बंद करा. मास्तर एकदम अस्वस्थ झाले. "थोडा तरी राहू दे." मी म्हटलं, जाऊ दे बाबा, उगाच वाद नको, नाहीतरी तुम्हाला आवाजाची गरज कुठे असते? आवाज बंद केला आणि रेकॉर्डिंग लावलं.

थोडा वेळ गेला. मी हिरवी शोधत होते. सापडेना. तेवढ्यात मास्तर पुढे सरकले. "बघ बघ! हिरवी आतून घुसली! वा रे पठ्ठ्या!"

"कुठे?"

"ही काय समोर! तिसरी झाली!"

पडद्यावर एक पांढरी गाडी पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, उभी होती, मागचं चाक काढलेलं. दारावर नंबर बावन्न. मी पडद्याच्या कोपऱ्यातलं वर्ष बघितलं आणि कपाळावर हात मारला. मी गेल्या वर्षीची रेस लावली होती! त्याच ट्रॅकची, तेच नाव, यादीत एकाखाली एक होत्या. चूक माझी. पण मग हे काय बोलत होते? यंदाच्या रेसमध्ये हिरवी कधी घुसली, कितवी झाली, हे यांना कळलं कसं?

"बाबा, ही गेल्या वर्षीची आहे. यात हिरवी गाडीच नाही."

मास्तरांचे हात गुडघ्यावर, तोंड खिडकीकडे.

"तुम्ही आधीच ऐकलंय सगळं. निकालही माहीत आहे. हो ना?"

गुडघे चोळत म्हणाले, "हो. ऐकलंय."

म्हणजे ते चेटूक, तो अनुभव, सगळं थोतांड. दर वेळी आधी सगळं ऐकून यायचं आणि माझ्यासमोर पंडित बनून बसायचं. इतके दिवस माझ्या डोळ्यांत धूळ फेकली या माणसाने. एकच तर नियम होता. मी टीव्ही बंद केला आणि आत निघून आले.

७ मे

मी बोलत नाही. नवऱ्याला भारी गंमत वाटतेय. "सासू-सुनेचं ऐकलं होतं, सासरा-सुनेचं पहिल्यांदाच बघतोय. आणि तेही गाड्यांवरून." तो हसला, मी हसले नाही.

संध्याकाळी मास्तरांनी माझ्यासाठी स्वतः चहा केला. कप पुढे ठेवला तर निम्मा बशीत, उरलेला टेबलावर. मी न बोलता टेबल पुसलं. ते म्हणाले, "माफ कर." चहाबद्दल म्हणाले की नियमाबद्दल, मी विचारलं नाही.

१० मे

आज दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नंबरवालीने विचारलं, तोंड का पाडलंय? मी सगळं ओकून टाकलं. माझा भरवशाचा माणूस, त्याने असा दगा दिला. पुराव्यासकट सांगितलं, पांढरी गाडी, काढलेलं चाक, हिरवीचा जयजयकार.

ती भिंगं पुसता पुसता ऐकत होती. म्हणाली, "पण ताई, एक कळलं नाही. पडद्यावर पांढरी होती ना? आणि उभी होती?"

"हो ना!"

"मग निकाल ऐकलेला असो की नसो, समोर पांढरी दिसत असताना कोणी हिरवी म्हणेल का?"

माझ्या हातात एका आजोबांची फ्रेम होती, ती तशीच राहिली. चार दिवस मी रागाने धुमसत होते, पण एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती. मग एकेक आठवायला लागलं. खिडकीकडे वळलेलं तोंड. माझ्या कानाकडे बघून बोलणं. कुंपणाबाहेरून हात हलवला तो. प्रत्येक काचेला छान. नंबरवाली हळूच म्हणाली, "मधलं दिसेनासं झालं की माणसं कडेकडेने बघतात. मान आखडलेली नसते ती." तिने खणातून चौकटींचा कागद काढून दिला, मधोमध काळा ठिपका असलेला. असे गठ्ठे मीच तर आणून ठेवते दुकानात.

११ मे

सकाळी नवरा गेल्यावर कागद मास्तरांपुढे धरला. "एक डोळा झाका आणि मधला ठिपका बघा."

"कुठला ठिपका?" ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं मी काय करतेय ते, आणि त्यांनी हात खाली घेतला.

"कधीपासून?"

"डावा बरेच दिवस. उजवा या हिवाळ्यात सुरू झाला. रेषा वाकड्या दिसतात, माणसांना तोंडच नसतं."

मी ओरडले. शेजारी ऐकतील याची पर्वा केली नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, माझ्याच घरात माझ्यापासून लपवता? दोन चष्मे करून घेतलेत माझ्याकडून! का?

"तुझ्या नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने मला पलंगावर बसवून ठेवलं असतं. काळजीपोटीच, पण बसवलं असतं."

"आणि मला?"

"तू रेस बघणं सोडलं असतंस. माझ्यासमोर कशी बघायची म्हणून. मग रविवारी तू तुझ्या खोलीत, मी माझ्या खोलीत."

बागेतल्या बाकावर बसून ते रेसचं रेडिओवरचं वर्णन ऐकायचे. पूर्ण. बारा तासांची असली तर दोन-तीन सकाळी. कुठल्या तासाला कोण पुढे, पाऊस कधी, कोण वाळूत गेलं, सगळं पाठ करायचं. टीव्हीवरचे निवेदक बोलायला लागले की आपण कुठे आलोय ते कळायचं, मग हे पुढचं बोलून टाकायचे. "वर्षानुवर्षं धडे पाठ केलेत, त्यात काय एवढं," म्हणाले. मला वाटावं, दोघं मिळून बघतोय.

मी विचारलं, "मग तुम्हाला मजा यायची का?"

"कसली मजा! शेवट माहीत असताना कसली आलीय? तू हातातलं टाकून ओरडायचीस, तेव्हा तुझा हेवा वाटायचा मला."

मला रडू आलं. त्यांना ते दिसलं नसणार, पण ऐकू आलं. म्हणाले, "आता रडून दाखवू नकोस, मला पाणी दे."

१४ मे

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. डाव्याचा मधला भाग गेला, तो आता परत येणार नाही. उजव्यात इंजेक्शनं द्यायची, डोळ्यातच. गेलेलं मिळणार नाही, उरलेलं राखता येईल. कडेचं दिसत राहील, माणूस घरात हिंडूफिरू शकेल. लवकर आला असतात तर, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही काय करता?" मी सांगितलं. त्यांनी मान खाली घालून चिठ्ठी लिहायला घेतली. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

नवराही बरोबर होता. घरी आल्यावर म्हणाला, "मला वाटायचं बाबा म्हातारे झालेत म्हणून जपून चालतात." त्यालाही काही दिसलं नव्हतं. आम्हा तिघांत सगळ्यात जास्त गोष्टी लक्षात येत होत्या त्या मास्तरांच्याच.

माझा राग जात नाही. कुणावर काढायचा तेही ठरत नाही. मास्तरांवर काढावा तर डोळ्यात सुई घ्यायच्या कल्पनेनेच त्यांचा चेहरा एवढासा झालाय. स्वतःवर काढते, तर त्याने डोळा थोडाच परत येणार आहे.

२७ मे, रविवार

पहिलं इंजेक्शन झालं. बाहेर आले ते मला म्हणाले, "पिट स्टॉप लवकर आटोपला."

घरी त्यांनी आपण होऊन कानातल्या वायरी माझ्या हातात दिल्या. "यापुढे रेसआधी ऐकणार नाही. पण मग तू सांगायचं. टीव्हीवरचे अर्धा वेळ आपापसात गप्पा मारतात, त्यांच्यावर माझा भरवसा नाही."

आज एका छोट्या रेसवर तालीम केली. सपशेल नापास. मी नुसती, "गेली! गेली गेली गेली!"

"कोण गेली?"

"ती! आतून!"

"ती म्हणजे कोण? कुठल्या वळणाला? मागे किती अंतर? माझ्या वर्गात असतीस तर बाहेर उभी केली असती."

मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा. म्हणाले, "मी सांगत होतो तेव्हा तुला राग आला." या माणसापुढे बोलायची सोय नाही. शेवटी मी चिडून उठले, ते चिडून बसून राहिले.

१७ जून, रविवार

जंगलातली. चोवीस तासांची. वर्षातली सगळ्यात मोठी, आणि आम्ही ती थेट बघायची ठरवलं. काल दुपारी सुरुवात बघितली, रात्री नेहमीच्या वेळेला झोपलो, आज दुपारी पुन्हा बसलो. मधल्या वेळात मास्तरांनी कानात कापूस घातला होता. नवरा फोन पालथा ठेवून घरात चोरासारखा वावरत होता. मुलगा म्हणून पहिल्यांदाच शहाण्यासारखा वागला.

लावलं तेव्हा हिरवी आपल्या, म्हणजे हौशी ड्रायव्हरवाल्या गाड्यांच्या, गटात पहिली! मास्तरांना सांगितलं तर विश्वासच बसेना. "नीट बघ. नंबर वाच." बावन्न. "परत वाच." दोन तास उरलेले असताना दातांचा डॉक्टर गाडीत बसला आणि आम्ही दोघांनी देव आठवला. मी सांगत राहिले, कुठलं वळण, मागे कोण, किती अंतर. काळी गाडी मागे लागली होती. डॉक्टरने तिला पुढे जाऊ दिलं नाही. प्रत्येक फेरीला मास्तर विचारायचे, "आहे?" मी म्हणायचे, "आहे." त्यांनी माझं मनगट धरलं होतं ते सोडायला तयार नव्हते. "कोण जिंकणार गं?" ते म्हणाले. लहान मुलासारखं. मी म्हटलं, मला काय माहीत! तर ते हसले. "मलाही नाही."

डॉक्टर उतरला, मुरलेला बसला. शेवटच्या तीन फेऱ्या. जंगलातल्या लांब सरळ रस्त्यावर हिरवी अचानक हळू झाली. मागून धूर.

"काय झालं? बोल ना!"

काळी शेजारून निघून गेली. मग दुसरी. हिरवी गवतावर जाऊन थांबली.

"अगं बोल की! आहे का?"

"नाही, बाबा. थांबली."

"कोण?"

"आपली."

मास्तर ताडकन उठले. उशी फेकली, ती दिव्याला लागली. "असं कसं थांबेल? दिवसरात्र पळाली आणि आता थांबते? तीन फेऱ्या! तीन फेऱ्या ढकलत नेली असती तरी झाल्या असत्या! मूर्ख! गाढव! त्या डॉक्टरने सांभाळून आणली आणि या मुरलेल्याने घालवली!" त्यांचा आवाज आख्ख्या जिन्यात गेला असेल. नवरा आतून धावत आला, त्याला वाटलं बाबांना काही झालं. "काय झालं?"

"थांबली!" मास्तर त्याच्या अंगावर ओरडले. "जिंकत होती, आणि थांबली! डोक्यात शिरतंय का तुझ्या?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी रडत होते आणि हसतही होते, त्याला काय समजावून सांगणार?

मग ती थांबली ते टीव्हीवर पुन्हा दाखवलं, तेव्हा मास्तरांनी मला पुन्हा सांगायला लावलं. तीनदा. धूर कुठल्या बाजूने, आधी आवाज बदलला का, ड्रायव्हर उतरून काय करत होता. तो गाडीच्या टपावर डोकं टेकून उभा होता, हे सांगितल्यावर म्हणाले, "बरोबर आहे. त्यालाही असंच वाटत असणार." आणि तोंड फिरवून बसले.

जेवायला हाक मारली, आले नाहीत. "भूक नाही मला. संताप झालाय माझा." नवरा म्हणाला, तू जाऊन समजूत काढ. मी गेले नाही. म्हटलं, बसू दे त्यांना. किती दिवसांनी त्यांना असं रागावायला मिळालंय.